14 महिने, 6 वेळा, "परत तेच"

रुग्ण 42 वर्षांची, एसटीत वाहक. दोन मुलं, दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं, पाळी नियमित, 5 वर्षांपासून मधुमेह. गेल्या 14 महिन्यांत 6 वेळा खाज, आग आणि अंगावरून पांढरं जाणं. शेवटच्या डॉक्टरांनी "पिशवीच काढून टाकू, कटकट संपेल" असं सुचवलं, तेव्हा ती दुसरं मत घ्यायला आली. ही एकच कुणी बाई नाही. स्त्रीरोग ओपीडीत वारंवार दिसणाऱ्या प्रकरणांचे धागे जुळवून हे प्रकरण मांडलं आहे. औषधं, मात्रा आणि तपासण्या मात्र खऱ्या जशा असतात तशाच.

तिच्या हातात कागदांनी फुगलेली एक कॅरीबॅग होती: चिठ्ठ्या, रिकाम्या स्ट्रिपा, दाबून चपटी झालेली मलमाची ट्यूब. एक पिशवी काढायची भाषा झाली होती आणि ही दुसरी पिशवी कुणी उघडूनही बघितली नव्हती.

कागद तारखेप्रमाणे लावल्यावर

पहिली खाज संक्रांतीच्या सुमारास. दह्याच्या फुटक्या कवड्यांसारखं पांढरं, वास नाही. मेडिकलवाल्याने तीन औषधांचं किट दिलं: फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅम, ॲझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम, सेक्निडॅझोल 2 ग्रॅम. चार दिवस बरं वाटलं. फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा खाज, पुन्हा तेच किट, जोडीला योनिमार्गात ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या 6 गोळ्या. तिसऱ्या दिवशी पाळी आली, उरलेल्या तीन गोळ्या कपाटात राहिल्या.

मे महिन्यातला तिसरा झटका तिच्या लेखी "तेच" होता. पण खोदून विचारल्यावर वर्णन निराळं निघालं. खाज जवळपास नव्हती. पातळ, राखाडी पाणी जात होतं, संबंधानंतर माशासारखा वास यायचा. त्या वासाने ओशाळून तिने तुरटीच्या पाण्याने बोट घालून आतून धुणं सुरू केलं आणि जाहिरातीतला "इंटिमेट वॉश" आणला. औषध? तिसरं किट.

जुलैत "लघवीला जळजळ" म्हणून सेफिक्झिम हे प्रतिजैविक 5 दिवस. लघवीचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) केलेलं नाही. गोळ्या संपल्या त्या आठवड्यात चौथ्यांदा खाज. नवरात्रात पाचवी वेळ. या वेळी मुलाच्या गजकर्णासाठी आणलेलं मलम तिने स्वतःलाही लावायला घेतलं. ट्यूबवरचं नाव वाचलं तर त्यात क्लोबेटासॉल, म्हणजे सगळ्यात तीव्र गटातलं स्टेरॉइड. आणि आता शिमग्याच्या तोंडावर सहावी वेळ.

14 महिन्यांत चार ठिकाणी दाखवून झालं होतं, औषधांचे पाच कागद होते. आतून तपासणी शून्य वेळा.

"अंगावरून" म्हणजे नेमकं काय

इतिहास घेताना शब्द जपून ऐकावे लागतात. काही भागांत "अंगावरून जातं" म्हणजे रक्तस्राव, काही ठिकाणी पांढरं. त्याला कुणी धुपणी म्हणतं, कुणी "अंगात उष्णता झाली" म्हणतं. मुळात प्रत्येक पांढरं पाणी हा आजारही नसतो. पाळीच्या मधल्या दिवसांत कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा, तार धरणारा स्राव येतो, तो नैसर्गिकच. त्याने हाडं झिजत नाहीत आणि कंबरदुखीचं खापरही त्याच्यावर फोडू नये.

म्हणून चार गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या: रंग कसा, दाटपणा कसा, वास येतो का, खाज आहे की आग. पाचवा प्रश्न लघवीबद्दल, आणि तो असा: "ताई, लघवी करताना आत जळतं, की लघवी बाहेरच्या कातडीला लागली की झोंबतं?" ती लगेच म्हणाली, "बाहेर झोंबतं." म्हणजे जुलैतली ती जळजळ बहुधा मूत्राशयाची नव्हतीच. खाजवून सोललेल्या त्वचेवर लघवी झोंबत होती. सेफिक्झिमने तिथे काही साधलं नाही. उलट योनिमार्गातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू मारले गेले. हे जिवाणू पेशींतल्या ग्लायकोजेनच्या साखरेपासून लॅक्टिक ॲसिड बनवतात आणि तिथला पीएच 3.8 ते 4.5 इतका आंबट ठेवतात. ते कमी झाले की बुरशीला मोकळं रान मिळतं. चौथ्या झटक्याची वेळ याच्याशी तंतोतंत जुळते.

सहावा प्रश्न कुणीच विचारलेला नव्हता: "साखरेची गोळी कोणती?" मधुमेहाची फाइल घरी वेगळी, डॉक्टर वेगळे. तिने मुलाला फोन लावला, त्याने स्ट्रिपचा फोटो पाठवला. ग्लिमेपिराइड, आणि मेटफॉर्मिनसोबत डॅपाग्लिफ्लोझिन 10 मिलिग्रॅम. दुसरी गोळी कधीपासून? "आदल्या दिवाळीनंतर बदलली. साखर छान आली तिने." पहिली खाज त्यानंतर दोन महिन्यांच्या आत.

तपासणी, पायरीपायरीने

स्पेक्युलमला, म्हणजे आतून बघायच्या उपकरणाला, जेली लावली नाही, नुसतं कोमट पाणी. जेलीमुळे पीएच चुकतो आणि स्लाइडवर थेंब-थेंब दिसतात. बाहेरची त्वचा तांबूस, चकचकीत आणि पातळ, खालच्या बाजूला दोन बारीक चिरा. खाजेत भर टाकणारा हा स्टेरॉइडचा हात. आत भिंती लालसर, स्राव थोडा, पातळ पांढरा. कवड्या नाहीत.

पीएचची पट्टी योनिमार्गाच्या बाजूच्या भिंतीला, मधल्या भागात टेकवायची. गर्भाशयाच्या मुखापाशी नाही, तिथला चिकट स्राव 7 च्या आसपास असतो आणि फसवतो. रक्त किंवा वीर्य असेल तरी आकडा वर जातो, म्हणून पाळी चालू नाही ना आणि आदल्या दोन दिवसांत संबंध आलेला नाही ना, हे आधी विचारून घ्यायचं. पट्टीचा रंग 4.4 शी जुळला. एवढ्याने बॅक्टेरियल व्हजायनोसिस (योनिमार्गातल्या जिवाणूंचा तोल बिघडणं) आणि ट्रायकोमोनास (संबंधातून पसरणारा सूक्ष्म परजीवी) मागे पडतात, कारण दोन्हींत पीएच सहसा 4.5 च्या वर जातो.

मग स्रावाचे दोन थेंब, दोन काचा. एकीवर सलाइन, दुसरीवर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड. दुसरीवर थेंब पडताच आधी वास घ्यायचा. माशासारखा वास सुटला तर बॅक्टेरियल व्हजायनोसिसकडे बोट जातं. इथे वास नव्हता. सलाइनची काच लगेच बघावी लागते, कारण ट्रायकोमोनास हा जीव त्याच्या झटक्या-झटक्यांच्या हालचालीवरूनच ओळखू येतो आणि थंड होत गेला की निपचित पडतो. तासभराने लॅबमध्ये पोहोचलेली काच "निगेटिव्ह" येते, तिचा भरवसा धरू नये. मुळात ताज्या काचेवरही अनेकदा तो निसटतो, म्हणून संशय दाट असेल तर न्यूक्लिक ॲसिडची तपासणी. सलाइनच्या काचेवर "क्लू सेल" नव्हत्या. पोळीच्या काठाला खसखस चिकटून काठ दिसेनासा व्हावा तशा त्या जिवाणूंनी माखलेल्या पेशी असतात, एकदा पाहिल्या की विसरत नाहीत.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या काचेवर कॅन्डिडा या बुरशीच्या लांब, फांद्या फुटलेल्या दोऱ्या शोधल्या जातात. इथे दोऱ्या नव्हत्या. घाईत बघणारा इथेच "बुरशी नाही" लिहून मोकळा होतो. 40 च्या भिंगाखाली मात्र बारीक गोल पेशी आणि त्यांना फुटलेले कोंब दिसले. या बुरशीची कॅन्डिडा ग्लाब्राटा ही जात अशीच दिसते: दोऱ्या करत नाही, कवड्याही फारशा पाडत नाही, खाजेपेक्षा आग जास्त. काचेवरून जात ठरत नाही, म्हणून स्वॅब साबुरो माध्यमावर कल्चरला, "जात ओळखून कळवा" असं चिठ्ठीवर स्पष्ट लिहून. नुसतं "कॅन्डिडा वाढली" असा अहवाल अशा वेळी अर्धाच कामाचा.

त्याच बैठकीत लघवीची पट्टी केली. ग्लुकोजचा चौकोन सगळ्यात गडद रंगावर गेला, तीन अधिक. ग्लुकोमीटरवर त्याच वेळी रक्तातली साखर 138. साधारणपणे रक्तात 180 च्या आसपास गेल्यावर साखर लघवीत उतरते. 138 ला तीन अधिक दिसली की आधी एक गोष्ट आठवावी: ही बाई एसजीएलटी2 रोधक गटातली गोळी घेते.

गोळी साखर कुठे पाठवते

किडनी रक्तातली साखर गाळते आणि पुन्हा शोषून घेते. डॅपाग्लिफ्लोझिन हे शोषण अडवतं. मधुमेह असलेल्या माणसात 10 मिलिग्रॅमच्या रोजच्या गोळीने दिवसाला साधारण 70 ग्रॅम ग्लुकोज लघवीवाटे जातं, म्हणजे चहाचे चौदा चमचे. औषधाचा फायदा त्यातच आहे आणि अडचणही. लघवीचे थेंब ज्या त्वचेवर रेंगाळतात तिथे बुरशीला दिवसरात्र खाणं मिळतं. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच स्त्रियांमधल्या बुरशीजन्य संसर्गाचं प्रमाण 6.9 टक्के दिलं आहे, तुलनेसाठी औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांत 1.5 टक्के. 2020 मध्ये भारतात मूळ पेटंट संपलं, किमती उतरल्या, आता ही गोळी गावोगावी लिहिली जाते. तिच्यासोबत "खाज आली तर सांगा" हे वाक्य मात्र क्वचितच जातं.

तिचं एचबीए1सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 8.6 आलं. म्हणजे गोळी घेऊनही साखर सरासरीने चढीच होती, आणि चढी साखर स्वतःच बुरशीला आमंत्रण देते. त्यावर प्रतिजैविकं, आतून धुणं, स्टेरॉइड. ड्युटीवर आठ-दहा तास बसून राहणं, टेरिकॉटचा गणवेश आणि सकाळी लावलेला पँटीलायनर रात्रीपर्यंत तसाच, हेही यादीत येतं, पण शेवटी. सुती अंतर्वस्त्र घालायला सांगणं सोपं असतं, म्हणून बऱ्याचदा तेवढंच सांगितलं जातं.

सहा दिवसांनी कल्चर आलं: कॅन्डिडा ग्लाब्राटा.

कोडं इथे सुटलं. ग्लाब्राटावर फ्लुकोनॅझोलच्या नेहमीच्या मात्रेचा जोर कमी पडतो. दर किटने बुरशी थोडी दबायची, खाज चार दिवस थांबायची, साखरेचा पुरवठा चालूच, की पुन्हा उठायची. मधुमेही स्त्रियांमध्ये ग्लाब्राटा हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. दिल्लीच्या एम्समधून 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेह आणि योनिमार्गाची बुरशी असलेल्या 111 स्त्रियांपैकी 68 जणींत ग्लाब्राटा निघाली, 32 जणींत कॅन्डिडा अल्बिकन्स ही नेहमीची जात.

किट हे मुळात वाईट नाही. लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमधलं हिरवं किट, सेक्निडॅझोल 2 ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅम, जिथे सूक्ष्मदर्शक नाही तिथे पहिल्या भेटीत उपचार चुकू नये म्हणून आहे. सहाव्या भेटीसाठी ते कुणी बनवलेलं नाही.

किटचा आणखी एक त्रास तिने बोलता बोलता सांगितला. दुसऱ्या किटनंतर ड्युटीवर घाम फुटला, हात थरथरले, ग्लुकोमीटरवर 62. "किटने अशक्तपणा आला" असं तिला वाटलं. फ्लुकोनॅझोल ग्लिमेपिराइडचं यकृतातलं विघटन मंदावतं, त्यामुळे साखर अवाजवी उतरू शकते. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्या बाईला फ्लुकोनॅझोल देताना जेवण चुकवू नका आणि साखर तपासा, हे सांगावंच लागतं.

उपचार

पहिलं काम फोन: मधुमेहाच्या डॉक्टरांना. ही गोळी रुग्णाने आपल्या मनाने बंद करायची नसते. हृदय कमकुवत असेल किंवा किडनीतून प्रथिनं जात असतील तर तिचा फायदा इतका मोठा असतो की ती चालू ठेवून बुरशीचा वेगळा बंदोबस्त करावा लागतो. हिचा हृदयाचा टूडी इको, किडनीचं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन ठीक होतं. डॉक्टरांनी गोळी थांबवून ग्लिप्टिन गटातली दिली आणि आहाराचा कागद नव्याने केला. आठवड्याने लघवीची पट्टी स्वच्छ.

दुसरं, ग्लाब्राटासाठी बोरिक ॲसिड 600 मिलिग्रॅम, जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये, रात्री झोपताना योनिमार्गात एक, 14 रात्री. एम्सच्या त्याच अभ्यासात ग्लाब्राटा असलेल्यांपैकी सुमारे 64 टक्के स्त्रियांत बोरिक ॲसिडने बुरशी गेली, फ्लुकोनॅझोलच्या एका गोळीने 29 टक्के. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या 2021 च्या मार्गदर्शनात कालावधी तीन आठवडे आहे. 14 रात्रींनंतर कल्चर करून पुढचं ठरवायचं असं ठरलं.

"बोरिक म्हणजे कॅरमची पावडर?" हा प्रश्न येतोच. रसायन तेच, पण कॅरमच्या डब्यातली किंवा झुरळांची पावडर वापरायची नाही. औषधी दर्जाचं, मोजून भरलेलं हवं, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. तोंडावाटे गेलं तर विष आहे. ती नेहमीच्या कॅप्सूलसारखी दिसते, म्हणून गोळ्यांच्या डब्यात नाही, कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवायला सांगितलं. गर्भवतीला किंवा गर्भ राहण्याची शक्यता असलेल्या बाईला हे देत नाहीत. हिचं ऑपरेशन झालेलं असल्याने तो प्रश्न नव्हता. पाळी संपल्यावर सुरुवात, म्हणजे मधे खंड नको. सकाळी पातळ पाणी जातं, त्याने घाबरू नये. तेवढे दिवस संबंध टाळायचे.

बुरशी अल्बिकन्स निघाली असती तर मार्ग वेगळा असता: फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅम पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी, मग आठवड्याला एक असं 6 महिने. खाज थांबली म्हणून दुसऱ्या महिन्यात सोडायचं नाही.

तिसरं, बाहेरची त्वचा. क्लोबेटासॉल बंद. पहिले काही दिवस लाली वाढू शकते हे आधी सांगितलं, नाहीतर ती ट्यूब पुन्हा हातात येते. साबण, वॉश, तुरटी सगळं बंद, फक्त साधं पाणी, तेही बाहेरून, मग कोरडं टिपून साधी पेट्रोलियम जेली. लायनर फक्त गरज पडेल तेव्हा. दही आत लावण्याचा सल्ला तिला शेजारणीने दिला होता. दह्यातले जिवाणू वेगळ्या जातीचे, ते तिथे वस्ती करत नाहीत. दही जेवणात खावं.

नवऱ्याला बुरशीचं औषध दिलं नाही. त्याला खाज किंवा लाली नसेल तर त्याच्या औषधाने हिचा बुरशीचा त्रास कमी होत नाही. एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी केली, दोन्ही निगेटिव्ह.

पिशवीचा प्रश्न

बुरशी योनिमार्गात आहे. गर्भाशय काढलं तरी योनिमार्ग जागच्या जागी राहतो आणि बुरशीही. सोबत अंडाशय काढले तर इस्ट्रोजेन आटतं, लॅक्टोबॅसिलस उपाशी मरतात, पीएच चढतो, कोरडेपणा आणि जळजळ वाढते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय 2019 मध्ये विधिमंडळात गाजला आणि चौकशीसाठी समिती नेमली गेली, तेव्हा अंगावरून पांढरं जातं एवढ्या तक्रारीवरही पिशव्या काढल्या गेल्याचं स्त्रिया सांगत होत्या. हिला पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशींची) आणि सोनोग्राफीचे अहवाल दाखवले, दोन्ही ठीक. शस्त्रक्रियेला एकही कारण उरलं नाही.

पुढचे सहा महिने

14 रात्रींनंतर दोन आठवड्यांनी केलेल्या कल्चरमध्ये वाढ नाही, म्हणून बोरिक ॲसिड तिथेच थांबवलं. चिरा भरल्या. तिसऱ्या महिन्यात एचबीए1सी 7.3.

पाचव्या महिन्यात ती दारातूनच म्हणाली, "परत तेच." पीएचची पट्टी लावली तर पिवळी राहायच्या ऐवजी हिरवट झाली, 5.2. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबाला वास सुटला, सलाइनच्या काचेवर पाचातल्या दोन पेशी क्लू सेल. बॅक्टेरियल व्हजायनोसिस, बुरशी नाही. आदल्या वर्षीच्या मे महिन्यातला राखाडी, वासाचा झटकाही बहुधा हाच होता. संबंधानंतर वास येतो तो वीर्य अल्कधर्मी असल्याने, काचेवरच्या थेंबासारखंच. विचारल्यावर कळलं, पाळीनंतर "स्वच्छ वाटावं म्हणून" वॉशने आतून धुणं पुन्हा सुरू झालं होतं.

तिला मेट्रोनिडॅझोल 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 7 दिवस. या आजारात वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना पुन्हा त्रास होतो, आणि इथे जोडीदाराचा प्रश्न बुरशीपेक्षा वेगळा आहे. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत एकमेकांशीच संबंध असलेल्या जोडप्यांत पुरुषालाही 7 दिवस मेट्रोनिडॅझोल 400 मिलिग्रॅम दोनदा आणि लिंगाच्या त्वचेला 2 टक्के क्लिंडामायसिन क्रीम दोनदा दिलं, तेव्हा 12 आठवड्यांत आजार परतण्याचं प्रमाण 63 टक्क्यांवरून 35 वर आलं. हे सांगताना शब्द सांभाळावे लागतात. याचा अर्थ कुणी बाहेर गेलं असा नाही. जिवाणू दोघांमध्ये फिरत राहतात, एवढंच.

दुसऱ्या दिवशी नवरा आला. "मला तर काहीच त्रास नाही," म्हणाला. पुरुषांना यात त्रास सहसा होत नाही, आणि त्याच्यासाठी अशी झटपट करता येणारी काचेची तपासणीही नाही. चिठ्ठीवर दोन नावं लिहिली, दोघांनी एकाच दिवशी सुरू करायचं आणि सात दिवस संबंध ठेवायचे नाहीत असं समजावलं. तिने इंटिमेट वॉशची बाटली पर्समधून काढून टेबलावर ठेवली.